आपला मुलूख आपण पाहिला आहे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



दरवर्षी ह्या सभेत सहलीचा विषय निघतो आणि दरवर्षी त्यावर बराच कलकलाट होतो. आजपर्यंत आपण पंढरपूर पाहिले, अष्टविनायक केले, महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाल्ली. यंदा दोन सूचना पुढे आल्या. पहिली गोव्याची आणि दुसरी माझी. माझी सूचना एवढीच की यंदाची सहल जव्हारहून निघावी, जव्हार आणि मोखाडा ह्या दोन तालुक्यांतच फिरावी आणि जव्हारलाच परत यावी. कार्यकारिणीत ही सूचना वाचली गेली तेव्हा चांगलाच हशा पिकला. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, स्वतःच्याच परसात कोणी सहल नेते का?" अध्यक्षबाईंनी मला वर्धापनदिनी बोलण्यास सांगितले, म्हणून उभी आहे. दहा मिनिटे ऐकून घ्या, मग वाटेल तिकडे हात वर करा.

आपल्याकडे पाहुणे येतात. मुंबईची नणंद येते, नाशिकचे मामेसासरे येतात. ते विचारतात, तुमच्या जव्हारला पाहण्यासारखे काय? आपण सांगतो, राजवाडा, हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंट. तिन्ही ठिकाणे दुपारच्या चहाच्या आत उरकतात. मग पाहुणे मोबाईल काढून आपल्यालाच विचारतात, "वहिनी, ते दाभोसा कुठे आले? काळमांडवीला रस्ता कसा?" आणि आपण शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारतो. मी कार्यकारिणीच्या अकरा बायांना विचारले. दाभोसा पाहिलेल्या चार निघाल्या, काळमांडवीला गेलेली एक, आणि सूर्यमाळ पाहिलेली कोणीच नाही. तिरुपती मात्र आठ जणींनी पाहिले आहे. तिरुपतीला जाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मीही जाऊन आले.

आता प्रथम गावापासूनच सुरुवात करते, कारण गाव पाहिले आहे असे आपल्याला उगीच वाटते. आपले हे गाव एका संस्थानाची राजधानी होते आणि ते संस्थान महादेव कोळ्यांचे होते. मूळपुरुष जयबा मुकणे. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. त्यांनी इथल्या वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. मग जयबांनी त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सारा डोंगर वेढून घेतला. ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे माझी आजी येते. जुने लुगडे फाडून ती अशीच लांबच लांब पट्टी काढायची आणि दोर वळायची. गोष्ट खरी किती, हे विद्वानांनी ठरवावे. पण ज्याची जमीन अशी वेढली गेली त्या वारल्याच्या बाजूने ही गोष्ट कोणी सांगत नाही, हे मला नेहमी खटकते.

जयबांचे पुत्र नेमशहा. त्यांना १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि तेव्हापासून संस्थानचा स्वतःचा शकही चालू झाला. पुढे जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, त्या वाटेवर त्यांचा मुक्काम आपल्या शिरपामाळावर पडला. तेव्हाचे राजे विक्रमशहा. त्यांनी महाराजांच्या मस्तकी मानाचा तुरा खोवला आणि त्यावरून त्या माळाला शिरपामाळ नाव पडले, असे सांगतात. गावापासून हा माळ चालत जाण्याइतका जवळ आहे. पहाटे फिरावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणींनी तिथे उभे राहून हा विचार केला असेल, की नकाशा नाही, रस्ता नाही, अशा ह्या डोंगरांतून घोडदळ सुरतेकडे कसे उतरले असेल? वाट दाखविणारा कोणी तरी इथलाच असणार. त्याचे नाव इतिहासात नाही.

जव्हारची नगरपालिका १९१८ सालची. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि आपण ठाणे जिल्ह्यात गेलो. १९६२ साली हेच यशवंतराव भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून आपण तिकडे. एवढे उलटेपालट झाले, पण जयविलास राजवाड्यापुढे आपण उभ्या राहतो त्या फोटोपुरत्या. असो. राजवाड्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी पुढे जाते.

दाभोसाचा धबधबा जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर आहे. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. खाली डोह आहे, गर्द हिरवा. पावसाळ्यात तिथे मुंबईच्या मोटारींची रांग लागते. काळमांडवी आपटाळ्याच्या बाजूला आहे. तिथे गाडी लांब ठेवून पायी जावे लागते, म्हणून गर्दी कमी. मी दोन्हीकडे गेले आहे ती आश्विनात, आणि तोच काळ बरा. आषाढ-श्रावणात दगड शेवाळलेले असतात, पाण्याला ओढ असते, आणि आपल्यातल्या निम्म्या जणी पातळ सावरण्यातच असतात. आश्विनात पाणी निवळलेले असते, भात पिवळे पडू लागलेले असते आणि उतारावरच्या खुरासनीला पिवळी फुले आलेली असतात. खुरासनीची चटणी आपण रोज वाटतो, पण तिचे फूलभरले शेत पाहिल्याचे किती जणींना आठवते? सूर्यफुलाची धाकटी बहीण शोभेल असे ते फूल असते.

एक गोष्ट मला तिथे फार लागली. धबधब्याच्या वर दगडांच्या खोबणींत प्लॅस्टिकच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, आणि फुटक्या काचाही. खालच्या पाड्यावरची एक म्हातारी बाय शेळ्या घेऊन चालली होती. तिला मी म्हटले, ही घाण कोण उचलते? ती म्हणाली, "नदी उचलते, पावसात." ती चिडून बोलली नाही, सहज बोलली.

खोडाळा माझे माहेर. कसाऱ्याहून खोडाळ्याकडे येताना शहापूर तालुक्यातले विहीगाव लागते. तिथल्या धबधब्याला आता सारेजण 'अशोका' म्हणतात, कारण २००१ साली निघालेल्या 'अशोका' ह्या हिंदी सिनेमाचे चित्रण तिथे झाले. सिनेमा पडद्यावर येऊन गेला, नाव मात्र चिकटले. आमच्या लहानपणी तो नुसता विहीगावचा धबधबा होता आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. आपल्या मुलखाला बाहेरच्याने नाव दिले की मगच तो आपल्याला दिसू लागतो, असे काही आहे की काय कोण जाणे.

खोडाळ्याजवळ देवबांधचा गणपती आहे. चतुर्थीला आम्ही मुली आईबरोबर तिथे जात असू. तिथून वर सूर्यमाळ. उंच माळरान, वारा असा की डोक्यावरचा पदर राहत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे तिथे उभे राहिले की खाली सगळ्या दऱ्यांत धुके दुधासारखे भरलेले असते आणि डोंगरांचे माथे तेवढे वर. ह्या देखाव्यासाठी लोक महाबळेश्वरला पैसे मोजतात. आम्ही तिथे शेणी गोळा करावयास जात होतो.

आता पाण्याची दुसरी बाजू. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच भिंत. २०१४ सालापासून ह्या धरणाचे पाणी मुंबईकरांना मिळते. वैतरणेवर हे काही पहिले धरण नव्हे. मोडकसागर १९५७ सालचा आणि वरचे वैतरणा १९७३ सालचे. मध्य वैतरणेने मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी द्यावे, असा हिशेब आहे. एवढा मोठा आकडा माझ्या डोक्यात बसेना, म्हणून मी तो हंड्यांत मोडला. माझा पितळी हंडा पंधरा लिटरचा. म्हणजे रोजचे तीन कोटींहून अधिक हंडे झाले. आणि त्याच मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहत बाया विहिरीच्या काठी बसलेल्या असतात. टँकर आला की पाणी विहिरीत ओततात, मग बाया ते पोहऱ्याने पुन्हा वर ओढतात. कुठे कुठे पोरीला दोर बांधून खाली उतरवून वाटीने पाणी भरलेले मी स्वतः पाहिले आहे.

पाऊस आपल्याकडे थोडा पडतो म्हणावा तर तसेही नाही. चार महिने कपडे वाळत नाहीत, हे आपण सर्वजणी जाणतो. पण खाली काळा पाषाण, वर पातळ माती आणि जमीन सारी उताराची. पाणी मुरत नाही, ओढ्याने नदीत आणि नदीने पुढे निघून जाते. मुंबईच्या बायांनाही पाणी लागतेच. माझी सख्खी बहीण तिथल्या चाळीत राहते आणि पहाटे नळावर उभी राहते, तेव्हा तिचा मला काय राग येणार? पण नळ सोडताना हे पाणी कोठल्या गावावरून आले हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्याच माहेरचं!" मग थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. धरण लांबून का होईना, आपल्या सहलीत पाहिलेच पाहिजे असे माझे मत आहे.

आता माझ्या आवडीचा विषय, म्हणजे खाण्याचा. आपल्या बाजारात पाटीत रानभाज्या घेऊन ज्या बाया बसतात, त्यांच्याशी आपण दोन-पाच रुपयांवरून घासाघीस करतो. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारी एक बाय आहे. एकदा मी तिला म्हटले, तू ही शेवळे आणतेस तरी कोठून, मला दाखव. ती म्हणाली, "चालशील का?" मी म्हटले, चालेन. मृगाचे दोन पाऊस पडून गेले होते. सकाळी सहाला निघालो ते दहा वाजेपर्यंत चालतच होतो. जो डोंगर मी माझ्या गच्चीवरून वीस वर्षे पाहत आले, त्याच्याच पाठीमागे तिचा पाडा निघाला.

शेवळ जमिनीतून एकदम कोंब काढून वर येते, पान नंतर. जांभळट-तपकिरी, कणसासारखे. ती वाकायची, बोटाने मुळाशी माती सारायची आणि एका पिळात खुडायची. चारांतले एक मागे ठेवायची. का म्हणून विचारले तर म्हणाली, "पुढच्या सालाला कोण येल?" शेवळे करताना आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकावा लागतो, नाही तर घसा खाजतो. आणि काकडे घालावीच लागतात. काकडाची ती हिरवी आंबट फळे त्याच दिवसांत झाडाला येतात. देवाने विष आणि उतारा एकाच पंधरवड्यात ठेवला आहे. शेवळे बारीक चिरून तेलावर परतावी, काकडांचा ठेचून काढलेला रस घालावा, आणि सोडे घालावे किंवा शाकाहारी मंडळींनी वालाची डाळ. काकडे न मिळाल्यास चिंच घालतात, पण ती चव नव्हे.

मग कर्टोली, टाकळा, कुरडू, भारंगी, कोवळे बांबूचे वास्ते, कुड्याची फुले, एकेक महिन्याला एकेक. कडूकंद मात्र तिच्या घरी खाल्ला तो तिथेच. कच्चा खाल्ला तर पोटात जाळ होतो. त्याच्या चकत्या करून राखेत शिजवतात, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात, म्हणजे कडूपणा निघून जातो. पहिल्यांदा कोणत्या बाईला हे सुचले असेल? घरात दाणा नसताना, पोरे भुकेली असतानाच सुचले असणार. आपण पाककृतींच्या स्पर्धा घेतो आणि पनीर घालून बक्षीस मिळवितो. ह्या बाईला परीक्षक म्हणून बोलवावे असे मी मागेच सुचविले होते.

मोहाचेही तसेच. मोह म्हटले की आपण नाक मुरडतो आणि दारू एवढेच म्हणतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बाया आणि पोरे दिवस उजाडण्याच्या आत टोपल्या घेऊन जातात. ती फुले वाळवून ठेवतात, भाजून खातात, भाकरीत घालतात. बियांचे तेल काढतात. एका झाडावर घरातले दोन महिने निघतात. म्हणून वारल्याच्या वाटणीत जमिनीबरोबर मोहाच्या झाडाचीही वाटणी होते.

तिच्या घराविषयी सांगते. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचा गिलावा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते, हे तिनेच मला सांगितले. आतल्या भिंतीवर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक. मध्ये पालघट देवी. हा चौक सवाशिणींनी काढावयाचा आणि धवलेरीने गाणी म्हणून देव बोलवावयाचे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आपल्याकडे लग्न लावणारी बाई अजूनही बातमीचा विषय होते, तिथे ही रीत पिढ्यान्पिढ्यांची आहे. वारली चित्रे जगाला माहीत झाली ती डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांचा मान मोठाच. पण त्यांच्या आधीच्या साऱ्या चौकांवर सही कोणाची? कोणाचीच नाही, कारण त्या बायका होत्या आणि लग्न झाले की भिंत पुन्हा सारवली जायची. आता ती चित्रे पडद्यांवर, चहाच्या कपांवर, आपल्या साड्यांवरही आली. माझ्याकडे एक साडी आहे, तिच्यावर तारपा वाजविणाऱ्याकडे पाठ करून लोक नाचताना दाखविले आहेत. त्या बायने पाहिली आणि ती खूप हसली. तारप्याच्या नाचात तारपेवाल्याला कोणी पाठ दाखवीत नाही. तो वळेल तसे सारे रिंगण वळते.

तारपा आपल्या तालुक्यात वाजतो तो ऐकला आहे ना? वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या गटावर शंभर अभिनंदने पडली. वाळवंडा आपल्याच जव्हार तालुक्यात आहे. गटावर अंगठा उमटविण्याऐवजी तिथे जाऊन नव्या भाताच्या दिवसांत एक रात्र बसावयास काय हरकत आहे?

मोखाड्याचा बोहाडा मात्र मी लहानपणापासून पाहत आले आहे. शिमग्यानंतर उन्हाळा तापू लागला की गावोगाव बोहाडा बसतो. रात्री जेवणे झाली की सारे गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना पथाऱ्या टाकून बसते. लांबून संबळ ऐकू येतो, सनई ऐकू येते, मग टेंभ्यांच्या उजेडात सोंग येते. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, आणि मग रात्रभर एकामागून एक देव आणि राक्षस. मुखवटे मोठाले, रंगीत. पूर्वी ते लाकडाचे असत, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारी घरे आहेत. प्रत्येक सोंग ठरलेल्या घराण्याचे असते. त्या घरातला माणूस मुखवट्याची पूजा करून तो चढवितो, आणि एकदा चढविला की तो गावाचा शेजारी राहत नाही, देव होतो. आम्ही मुली झोपेने पेंगत असू आणि आई कोपराने ढोसायची, "ऊठ, रावण आला." शेवटच्या रात्रीनंतर पहाटे देवी आणि महिषासुराचे युद्ध होते. महिषासुर पडला की उजाडते.

देवीचे सोंगही पुरुषच घेतात, हे मी लहानपणी आईला विचारले होते. ती म्हणाली, "बायकांना रात्रभर एवढे जड डोक्यावर घ्यायला वेळ कुठे? दिवसभर पाणी कोण आणील?" हे उत्तर मला तेव्हाही पटले नव्हते. अजूनही नाही.

आता ज्याबद्दल कार्यकारिणीत वाद झाला त्याकडे येते. मी म्हटले होते की सहलीत वावर-वांगणीकडेही जावे. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "सहल म्हणजे मन रमवायला. तिथे जाऊन रडायचे आहे का?" १९९२ साली वावर-वांगणीची लहान मुले उपासमारीने आणि आजाराने गेली. वर्तमानपत्रांतून ते छापून आले, मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. साऱ्या महाराष्ट्राला जव्हारचे नाव ठाऊक झाले ते असे. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. तिकडची मुले गेली आणि माझ्याच वयाच्या मुली शाळेत आल्या, एवढाच फरक. त्या गावी आज अंगणवाडी आहे, रस्ता आहे, तिथल्या मुली शिकतात. ते गाव त्या एका बातमीवर थांबलेले नाही. हे पाहावे, म्हणून मी म्हणते.

आपल्याकडे 'जगायला जाणे' असा शब्द आहे. दिवाळी झाली, भात झोडून झाले की पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात. कुठे गेला म्हणून विचारले की शेजारी सांगतात, "जगायला गेला." दुसऱ्या कोणत्या गावात ह्या शब्दाला हा अर्थ असेल असे मला वाटत नाही. बरोबर पोरे जातात, कोंबड्या जातात, मडकी जातात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत विटा पाडावयाच्या. आपल्या शाळेत पटावर नाव असलेले पोर जानेवारीत दिसत नाही ते ह्यामुळे. होळीला ती माणसे परत येतात, आणि बोहाड्याची गर्दी ही त्या परत आलेल्यांची गर्दी असते. मला हे फार उशिरा उमजले असे नाही, आमच्या आळीतही जाणारी घरे होती. पण जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेल्या आपल्या सुनांना आणि मुलींना हे कोणी सांगायचे?

पण तिथे जाताना आपण प्राणिसंग्रहालय पाहावयास निघाल्यासारखे जाऊ नये. कोणाच्या घरात डोकावून फोटो काढू नये. जुने कपडे गाठोड्यात बांधून वाटावयास नेऊ नयेत. मागच्या वर्षी एका संस्थेच्या मंडळींनी तसे केले, आणि नव्या कपड्यांतल्या पोरांना जुने कपडे हातात धरून उभे केले. माझ्या त्या भाजीवाल्या बायने दोन पाड्यांवर स्वयंपाकाची कबुली दिली आहे. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि त्या दिवसांत जी भाजी असेल ती. ताटाचे जे पैसे आपण महाबळेश्वरच्या खानावळीत मोजले, तेवढेच इथे मोजावयाचे. एक रुपया कमी नाही. घासाघीस करणारीला मी गाडीत घेणार नाही.

खर्चाचा अंदाज खजिनदारबाईंकडे दिला आहे. गोव्याच्या निम्म्याहून कमी येतो. म्हणून ज्यांना घरून पैसे मागणे जड जाते आणि ज्या दरवर्षी 'तब्येत बरी नाही' म्हणून मागे राहतात, त्याही येऊ शकतील. त्यांची नावे मी घेत नाही, पण त्या कोण हे आपल्याला ठाऊक आहे.

दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी, म्हणजे लोक जगायला निघण्यापूर्वी, दोन दिवस. पहिल्या दिवशी पहाटे शिरपामाळ, मग वावर-वांगणी आणि दाभोसा, रात्री वाळवंड्याला तारपा. दुसऱ्या दिवशी मोखाडा, कोचाळ्याचे धरण, देवबांधला गणपतीचे दर्शन, सूर्यमाळ आणि माझ्या माहेरी खोडाळ्याला चहा. आईने पन्नास कप मांडावयाची तयारी आत्ताच सुरू केली आहे. बोहाडा ह्यात बसत नाही, त्यासाठी शिमग्यानंतर ज्यांना रात्र जागविता येईल त्यांनी वेगळे निघू. प्रत्येकीने पायात पट्ट्याची चप्पल घालावी, पाण्याची बाटली घरूनच भरून आणावी आणि एक रिकामे पोते जवळ ठेवावे. दाभोशाच्या दगडांतल्या बाटल्या नदीने उचलण्याआधी आपण उचलू.

शेवळांचा हंगाम तेव्हा नसेल. ती खावयाची असतील त्यांनी मृगाचे दोन पाऊस झाले की माझ्याकडे सकाळी सहाला यावे, चार तास चालण्याची तयारी ठेवून. काकडे मी आदल्या दिवशी आणून ठेवीन.